भुंड्या बकऱ्यांची गल्ली

माझ्या नोकरीची निम्म्याहून अधिक वर्षं कात्रीने फोटो कापण्यात गेली असं सांगितलं, की समोरच्याला वाटतं बाई वर्तमानपत्रात होत्या. शिक्षण पशुवैद्यकाचं, नोकरी मुंबईतल्या एका प्रयोगशाळेत आणि काम जनावरांची गुणसूत्रं मोजायचं. सासर-माहेर दोन्हीकडच्यांनी ते कधी मनावर घेतलं नाही. लग्नकार्यात भेटले की कुत्र्याच्या गोचिडांवर औषध विचारायचे. मी सांगायचे. तेवढंच आपलं शिक्षण घरच्यांच्या कामी आलं!

हे काम काय असतं ते एकदाच सांगून टाकते. प्रत्येक पेशीत बारीक धाग्यांची एक जुडी असते. रंग, दूध, शिंगं, नर की मादी, असं जे काही आईबापांकडून पिल्लाला मिळतं ते या धाग्यांवरून येतं. एरवी ते दिसत नाहीत. पेशीची दोन शकलं व्हायला लागली की धागे आखडून काड्यांसारखे होतात, तेवढ्या वेळात त्यांना गाठावं लागतं. म्हणून आम्ही जनावराचं रक्त आणायचो आणि त्यात राजम्यापासून काढलेला एक अर्क घालून उबेला ठेवायचो. त्याने पांढऱ्या पेशी वाढीला लागतात. आपल्या रानात कळलावी उगवते ना, तिच्या कंदात असतं ते विष मग थेंबभर घालायचं, की पेशी ऐन वेळी जागच्या जागी थबकतात. त्या फुगवायच्या आणि हात उंच धरून एक थेंब गार काचेवर सोडायचा. नीट पडला तर पेशी फुटून काड्या पसरतात. त्यांचा फोटो काढायचा, मोठा करून छापायचा, आणि कात्रीने एकेक काडी कापून जोडीजोडीने कागदावर चिकटवायची. ऐंशीच्या दशकात आमच्याकडे कॉम्प्युटर नव्हता, डिंक होता. आमचे सर म्हणायचे, "शिंकू नका, रेडा हरवेल." एकदा खरंच हरवला होता. पंख्याच्या वाऱ्याने उडालेल्या त्याच्या दोन काड्या शेवटी सरांच्या चपलेला चिकटलेल्या सापडल्या.

भिवंडीशी माझा संबंध आला तो म्हशींमुळे. तिथल्या तबेल्यांतल्या रेड्यांचं रक्त आणायला मी थर्मास आणि बर्फाचा डबा घेऊन जायचे. बाई रक्त काढते म्हटल्यावर नमुनेदार गिऱ्हाइकंही यायची. वज्रेश्वरीकडचे एक कोंबडीवाले काका एकदा टोपलीत कोंबडी घेऊन आले. ती पहाटे आरवायची. घरात अपशकुन झाला म्हणून बायको जेवत नव्हती, आणि काकांना "आतला फोटो" काढून हवा होता. मी सांगितलं, कोंबडीची गुणसूत्रं म्हणजे सांडलेली रांगोळी, मोजता मोजता डोळे जातील. शिवाय फोटोची गरजच नाही, हिचं अंडाशय बिघडलंय म्हणून ती कोंबड्यासारखी वागते, घराण्याचा काही दोष नाही. काकांनी शांतपणे ऐकून घेतलं, आणि तिथून उठून देवीला नारळ फोडायला गेले. दोन्ही उपाय केलेले बरे, असं जाताना मला म्हणाले.

पण आज लिहायचंय ते बकऱ्यांबद्दल.

एका दुपारी मी तबेल्यातून निघत होते, तर एक साठीच्या बाई फाटकाशी उभ्या. डोक्यावर ओढणी, हातात छत्री, चेहरा असा की यांना नाही म्हणायची सोय नाही.

"म्हशींचं रक्त काढते ती तूच काय गो बाय? मंग माझ्या बकऱ्यांचं पण काढ. म्हशींनीच काय पुण्य केलंय?"

या जैनबखाला. भिवंडीतल्याच निजामपुऱ्यात त्यांचं पिढीजात घर, खाली यंत्रमागांचं शेड आणि बाजूला बकऱ्यांचं छप्पर. माग मुलाचे, बकऱ्या यांच्या. गल्लीत शिरलं की मागांच्या खडखडाटात आपलाच आवाज आपल्याला ऐकू येत नाही. त्या खडखडाटात, दारादारांतून, बकऱ्या आरामात फिरत होत्या. थोडं चालल्यावर माझ्या लक्षात आलं की यातल्या एकीलाही शिंगं नाहीत. सगळ्या भुंड्या!

"इथं शिंगवाली ठेवत न्हाय कोणी," खाला म्हणाल्या. "दारात सुताचे बीम उभे असतात. बकरीनं डोकं घातलं, शिंग अडकलं, मान झटकली की गेला ताणा. मंग मागवाला बोंबलतो."

बीम म्हणजे मागावर चढवायचे सुताचे मोठे रूळ, आणि ताणा म्हणजे त्यांवरचे उभे धागे. म्हणून गल्लीची रीतच पडली होती. शिंगांचं करडू झालं की ते विकायचं आणि भुंडं ठेवायचं. बोकडही भुंडाच. कुणाच्या आजेसासऱ्यापासून हे चाललेलं. आता कित्येक वर्षांत तिथे शिंगांचं करडू जन्मलंच नव्हतं, आणि त्याचा गल्लीला अभिमान होता.

दुखणं वेगळंच होतं. खालांनी छपरातली तीन करडं ओढून माझ्यापुढे उभी केली. दिसायला पाठी, म्हणजे न व्यालेल्या तरुण बकऱ्या. पण मान जाड, वास बोकडाचा, आणि शेपटी उचलून पाहिलं तर ना धड नर ना धड मादी. यांना करडं होणार नव्हती.

"दोन-तीन वेतं झाली, असंच होतंय. बोकड लय होतात, आन पाठी झाल्या तर अशा. गल्लीतली म्हणतात जैनबच्या हाताची बरकत गेली."

एवढ्यात त्यांचा मुलगा रफीक शेडमधून हात पुसत आला. तिशीचा, केसांत कापसाची पिंज. "मॅडम, तुम्हीच अम्मीला समजवा. या छपराच्या जागेत दोन लूम बसतील. शिफ्टला माणसं हायेत, जागा न्हाय. आन ही बघा, बकऱ्यांना मांडीवर घेऊन बसलीय."

"तुझ्या लूमनं नसीमची पाठवणी होईल काय?" खाला कडाडल्या.

मग ती रीत मला कळली. खालांच्या घरात मुलगी सासरी जाताना माहेरच्या बकरीच्या वंशातली एक पाठ तिच्याबरोबर द्यायची. खाला लग्न होऊन आल्या तेव्हा त्यांच्या आईने अशीच एक दिली होती, आणि आज छपरात होत्या त्या सगळ्या तिच्याच लेकीनाती. थोरल्या दोन मुलींना पाठी मिळाल्या. धाकटी नसीम उरली होती. तिचं लग्न पुढच्या वर्षावर आलं होतं आणि छपरात तिला देण्यासारखी एकही पाठ नव्हती. व्याणाऱ्या बकऱ्याही म्हाताऱ्या होत चाललेल्या. त्यातली कबरी तेवढी अजून चांगली दोनदा-तीनदा व्याली असती.

मायलेकांत करार झाला होता. आणखी एक वेत बघायचं. त्यातही धड पाठ झाली नाही, तर बकऱ्या विकायच्या आणि छपरात माग बसवायचे. "माझ्या आईचं काय ते तेवढंच राहिलंय, बाय," खाला म्हणाल्या आणि ओढणीने डोळे पुसण्याऐवजी कबरीचं तोंड पुसलं.

मी तिन्ही करडांचं रक्त घेतलं. सर म्हणाले, आपला प्रकल्प म्हशींचा आहे. मी म्हटलं, राजम्याला काय कळतंय? सर हसले, म्हणजे परवानगी मिळाली.

बकरीची गुणसूत्रं साठ, आणि सगळी एका मुशीतली. आमच्या धंद्यात बकरी आली की लोक रजेवर जायचे. पण मला एकच गोष्ट शोधायची होती. नर असेल तर त्या साठांत एक अगदी बारकं, ठिपक्याएवढं गुणसूत्र असतं. पहिल्याच काचेवर मला ठिपका दिसला आणि मी आनंदाने ओरडले. तो धुळीचा कण निघाला. मग मात्र मी काचांमागून काचा पाहिल्या, मान मोडेपर्यंत. एकाही करडाच्या एकाही पेशीत ठिपका नव्हता. ही तिन्ही मुळात मादीच होती, आणि पोटातच त्यांची वाट चुकली होती.

कारण पुस्तकात होतं, फार जुनं. परदेशी बकऱ्यांवर पाहिलेलं. पण निजामपुऱ्यातल्या त्या गल्लीने ते आपल्या हाताने, सुताच्या काळजीपोटी, पिढ्यान्‌पिढ्या घडवून आणलं होतं. मला हे इतकं विलक्षण वाटलं, की मी दुसऱ्या दिवशी कामावर न जाता थेट भिवंडी गाठली.

चिकटवलेला कागद खालांनी उलटसुलट पाहिला. "एवढ्या काड्या? आन त्यात दोष कुठं हाय?"

इथे माझी पंचाईत झाली. दोष काड्यांत दिसतच नव्हता, तो त्यापेक्षाही बारीक होता. ओट्यावर सुताचे रिकामे पुठ्ठ्याचे कोन पडले होते, कुणाचं टोक लाल तर कुणाचं हिरवं. मी ते उचलले आणि फरशीवर मांडून बसले.

"खाला, शिंगांसाठी प्रत्येक बकरीजवळ दोन कोन असतात. एक आईकडून आलेला, एक बापाकडून. लाल म्हणजे भुंडा, हिरवा म्हणजे शिंगवाला. दोनात एक जरी लाल असला तरी शिंगं येत नाहीत."

"म्हंजे लाल जोरदार."

"जोरदार आहे, पण दोन्ही लाल आले आणि पोटात मादी असली, तर ती अशी अधलीमधली होते. तुमच्या व्याणाऱ्या बकऱ्यांजवळ एक लाल, एक हिरवा आहे. म्हणून त्या व्यायल्या. बोकडाजवळ दोन्ही लाल, म्हणूनच इथे शिंगांचं करडू होत नाही. त्याच्याकडून लालच येणार. बकरीनेही लाल दिला की संपलं. तुम्ही म्हणता बोकड फार होतात, त्यातले कितीतरी बोकडच नाहीत."

खालांनी बराच वेळ कोन सरकवून पाहिले. मग म्हणाल्या, "म्हंजे हाताची बरकत गेली न्हाय."

"हाताचा काय संबंध? बोकड शिंगांचा हवा. त्याच्याजवळ लाल कोन असूच शकत नाही."

"शिंगवाला बोकड? माझ्या दारात?" त्या उठूनच उभ्या राहिल्या. "उद्या कुणाचा ताणा तुटला तर गल्ली मला तोडेल. आन होतील ती करडं शिंगांची!"

"निम्मी होतील."

"निम्मी पण नको."

मी हताश झाले. इतकं सोपं उत्तर, आणि ते दाराच्या आत येईना. पुस्तकात बोकड बदला असं एका ओळीत लिहिलेलं असतं. बोकड कुठे बांधायचा आणि गल्लीला काय सांगायचं, ते पुस्तक लिहिणाऱ्याला माहीत नसतं. तोडगा नसीमने काढला. ती इतका वेळ दारात उभी राहून स्वतःच्या लग्नाच्या बकरीची चर्चा ऐकत होती. "अम्मी, नवरा दारात नको तर नवरीनं जावं. त्यात काय?"

माझ्या ओळखीचे काशिनाथदादा भिवंडीजवळच्या वळ गावात राहायचे. भातशेतीवाले आगरी, घरी दोन म्हशी आणि एक बोकड. त्या बोकडाचं नाव सरपंच. शिंगं मागे वळलेली, दाढी छातीपर्यंत, आणि गावात कुणाच्याही ओट्यावर बसायची मुभा. कबरी माजावर आली तशी खाला, मी आणि कबरी रिक्षाने वळला निघालो. रिक्षावाला म्हणाला, तीन सीट धरीन. खाला म्हणाल्या, ही माझ्या मांडीवर हाय, पोरांचं भाडं घेतोस काय?

काशिनाथदादांनी भुंड्या कबरीला न्याहाळलं. "निजामपुऱ्याची काय? मंग हिला चारा ठाव हाय का नुसतं सूतच खाते?"

"चारा खाते, पण धुवून द्यावा लागतो," खाला ताठ मानेने म्हणाल्या.

दोघं एकमेकांकडे पाहून जे हसले, त्याने माझं अर्धं ओझं उतरलं. सरपंचाने आपलं काम चोख केलं. निघताना दादांनी बकरीसाठी पिंपळाचा पाला आणि खालांसाठी पिशवीभर वालाच्या शेंगा दिल्या.

मग वाट पाहणं. बकरी पाच महिने घेते. त्या काळात मी भिवंडीला गेले की निजामपुऱ्यात चक्कर ठरलेली. रफीक छपराची लांबीरुंदी मोजताना दिसायचा आणि मला पाहून टेप खिशात घालायचा. खरं सांगते, मला भीती वाटायची. पुस्तक परदेशातलं, बकरी निजामपुऱ्याची. माझं चुकलं असतं तर माझं काही जाणार नव्हतं. खालांचं सगळं जाणार होतं.

कबरी व्याली तेव्हा खालांनी तबेल्यात निरोप धाडला आणि मी येईपर्यंत छपराला पडदा लावून ठेवला. गल्ली बाहेर जमलेली. मी आत गेले, दोन करडं होती. शेपट्या उचलून पाहिल्या. दोन्ही पाठी, आणि दोन्ही अगदी निर्मळ. एकीचं कपाळ सपाट. दुसरीच्या कपाळावर केसांचे दोन भोवरे होते, म्हणजे तिथे शिंगं येणार. मी नुसती मान डोलावली. खाला रडायला लागल्या. रफीक पडद्याआडून म्हणाला, "अम्मी, रडतेस कशाला? लूम न्हाय बसवत, बस!"

तरी मी दोघींचं रक्त घेतलं, काचा पाहिल्या. ठिपका नव्हता, आणि या वेळी तो नसल्याचा मला किती आनंद झाला ते सांगता येत नाही.

सगळ्यांनी गृहीत धरलं की सपाट कपाळाची नसीमबरोबर जाणार आणि शिंगवाली विकली जाणार. पण शिंगवाली भलती लाघवी निघाली. शिंगं बोटभर झाल्यावर व्हायचं ते झालंच. तिने रफीकच्याच बीममध्ये डोकं घातलं. रफीकने तिला सोडवलं, शिव्या घातल्या, आणि रागारागात ओट्यावरचे दोन रिकामे कोन कापून तिच्या शिंगांवर चढवले, सुताने बांधले. शिंगं झाकली गेली, सूत अडकायचं थांबलं. इतक्या पिढ्यांत कुणाला हे सुचलं नव्हतं, आणि सुचलं ते बकऱ्यांवर दात धरून बसलेल्या माणसाला. मी त्याला म्हटलं, तू संशोधक व्हायचास. तो म्हणाला, "मॅडम, पगार किती?" मी सांगितला. तो परत लूमवर गेला.

लग्नाच्या आधी खालांनी मला बोलावून घेतलं. फरशीवर कोन मांडून बसल्या होत्या.

"नसीमच्या सासरी पण लूमची गल्ली. मी चौकशी केली. तिकडं पण सगळे बोकड भुंडे. आता बघ. भुंडी पाठ दिली तर हिच्याजवळ एक लाल. तिकडून परत लाल. पोरीला दोन वर्षांनी माझ्यासारखंच रडायला लागेल." त्यांनी लाल कोन बाजूला सारले. "शिंगवाली दिली तर हिच्याजवळ दोन्ही हिरवे. तिकडून लाल आला तर येऊ दे. करडं सगळी भुंडी, आन सगळी धड. बरोबर काय?"

बरोबर होतं. मी त्यांच्या हातावर टाळी दिली. ज्या बाईला शिंगवाली दारातही नको होती, ती आता आपल्या आईच्या वंशातली पहिली शिंगवाली पाठ लेकीबरोबर पाठवणार होती. नोकरीत मला दोन-चार प्रशस्तिपत्रं मिळाली, ती कुठे ठेवली आहेत आठवत नाही. ती दुपार आठवते.

खंतही आहेच. त्या गल्लीवर आम्ही लिहिलेला निबंध एका संमेलनात वाचला गेला आणि तिथेच विरला. पुढे प्रयोगशाळेला संकरित गाईंचं काम मिळालं आणि गल्लीबोळांतल्या बकऱ्यांचं रक्त घ्यायला कुणी गेलं नाही. आता नुसत्या केसांच्या मुळावरून हे सगळं कळतं म्हणे, कात्री नको, डिंक नको. फार चांगलं झालं. फक्त ते यंत्र कुणीतरी अशा गल्लीतही न्यायला हवं, आणि कळलेलं फरशीवर मांडून सांगायला हवं. तशी मुलं हल्ली मला भेटतात, म्हणून मी निवांत आहे.

लग्नाच्या दिवशी काशिनाथदादा वळहून कडक इस्त्रीच्या सदऱ्यात आले होते. नवरीची गाडी पुढे, सामानाचा टेम्पो मागे, आणि टेम्पोत गाद्यांच्या शेजारी ती पाठ उभी. शिंगांवर नवे कोन, त्यांना जरीची किनार लावलेली. मी नीट पाहिलं. दोन्ही हिरवे होते. खालांनी निवडून घातले होते.

नसीमच्या सासूबाईंनी टेम्पोत डोकावून भुवया उंचावल्या. "तुमच्याकडं तर भुंड्या असतात ना? ही शिंगवाली कुणाची दिलीत?"

खालांनी पाठीच्या कपाळावरून हात फिरवला. डोळे भरले होते, पण आवाज अगदी ठणठणीत होता.

"माझ्या आईची," त्या म्हणाल्या, आणि काशिनाथदादांकडे हात केला. "शिंगं तेवढी ह्यांच्या घरची."